ओकबाईंना न पोचवलेलं वाक्य

ओकबाई,

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी एका म्हातारीचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरत होते. मुरबाडला तहसील कचेरीजवळच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याचा फोटो मी तुम्हाला पाठवला होता. पाटीवर काय लिहिलंय असं तुम्ही विचारलं होतं. मी कळवलं, ‘येथे सर्व प्रकारचे अर्ज भरून मिळतील’. त्यावर तुमचं उत्तर आलं होतं, ‘सर्व प्रकारचे? मग माझाही एक भरून ठेव.’

तुमच्या भाचीचा निरोप तीन ओळींचा होता. मावशी आज पहाटे गेल्या. त्रास झाला नाही. तुम्हाला कळवायला सांगून ठेवलं होतं.

मी निरोप दोनदा वाचला, फोन उपडा ठेवला आणि पुन्हा कीबोर्डवर हात ठेवले. म्हातारीचं गाव सरळगावच्या पुढचं. गावाचं नाव टाइप करायला गेले तर तीनदा चुकलं.

“काय झालं गो?” म्हातारी म्हणाली.

“माझ्या बाई गेल्या.”

“कंच्या शाळेतल्या?”

शाळेतल्या नाहीत असं म्हणता आलं असतं. पण तुमच्या भाषेत मी तुम्हाला ‘सन्सेंगनिम’ म्हणायचे आणि त्याला मराठीत बाई याखेरीज दुसरा शब्द मला कधी सापडला नाही. म्हणून म्हटलं, “लांब असायच्या. कोरियात.”

“तिकडं गाडी जाते का?”

“विमान जातं.”

“मंग तुला मातीला जायला नाय भेटायचं.” तिनं टेबलावरचे आपले कागद गोळा केले, पिशवीत घातले. “ऱ्हाऊ दे आज. दाखला कुठं पलून जातो? तू घरी जा.”

बाई, तुमच्या जाण्याचं माझ्याकडे कुणी समाचाराला आलं असेल तर ते एवढंच. एक अनोळखी म्हातारी, जी आपलं काम सोडून एसटीनं परत गेली.

मी दुकान ओढून घेतलं आणि धसईच्या गाडीत बसले. घरी आल्यावर दारातच थांबले. आंघोळ करावी की करू नये ते कळेना. आपल्या माणसाची बातमी आली की आमच्यात आधी आंघोळ करतात. तुमचं सुतक मला लागत नाही. तुमच्या देशात मी तुमची कुणी नाही आणि माझ्या गावात तुम्ही कुणी नाही. शेवटी डोक्यावरून पाणी घेतलं. शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून विचारलं, “या टायमाला आंघोळ?” मी म्हटलं, उकडतंय.

तुमच्या तिकडच्या वर्तमानपत्रांत तुमच्याविषयी पानं भरून आली आहेत. कुठली बक्षिसं, किती भाषांत पुस्तकं, कुणाकुणाला शोक. मी सगळं वाचलं. ओक पिल-सुन या थोर कादंबरीकार होत्या हे त्यांना माहीत आहे. तुम्हाला सुकटाची चटणी आवडली होती हे त्यांना माहीत नाही. आणि आणखी एक गोष्ट, जी कुणालाच माहीत नाही. तुम्हालाही नाही. ती सांगायलाच लिहायला बसले आहे, पण एकदम तिथे जाववत नाही.

तुमची भाषा मी कशी शिकले ते तुम्ही मला पहिल्याच पत्रात विचारलं होतं. मुरबाडच्या एमआयडीसीत तेव्हा एक कोरियन कारखाना होता. मी ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. साहेबांना आणि कामगारांना एकमेकांचं कळत नव्हतं म्हणून आम्हा चौघांना भाषा शिकवायला सुरुवात केली. तिघं सोडून गेले, मी टिकले. कंपनीनं मला आठ महिने तिकडे पाठवलं. परत आल्यावर नऊ वर्षं मी मधे उभी राहून बोलले. साहेबांचं कामगारांना, कामगारांचं साहेबांना. मग कारखाना बंद झाला. साहेबलोक गेले, यंत्रं गेली, शेडचे पत्रेसुद्धा गेले. भाषा तेवढी माझ्याजवळ राहिली. सगळ्या मुरबाड तालुक्यात ती बोलणारी मी एकटी होते. भात निवडताना मी तोंडातल्या तोंडात तुमच्या भाषेत आकडे म्हणायचे, विसरू नये म्हणून. आई म्हणायची, “पोरीला काय लागीर झालंय काय?”

जाताना मॅनेजरच्या बायकोनं मला विजेचा भात शिजवायचा डबा आणि एक खोकाभर पुस्तकं दिली होती. डब्यात आईनं कांदे भरले. पुस्तकांत तुमचं ‘तळाचं गाव’ होतं.

मी ते कादंबरी म्हणून वाचलं नाही, बाई. डोंगरातलं गाव, खाली नदी, नदीवर धरण येणार म्हणून मोजणीला आलेले लोक, दारांवर रंगवलेले नंबर. दहाव्या पानावर मी पुस्तक मिटलं आणि आईकडे बघत बसले. माझ्या आईचं माहेर शहापूरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याखाली आहे. ती लग्न होऊन धसईला आली आणि तीनच वर्षांनी पाणी चढलं. आईला माहेरपणाला जायला गावच उरलं नाही. तिच्या बापानं दाराची चौकट काढून आणली होती, ती आमच्या गोठ्याला लावली आहे.

मी आईसाठी भाषांतर करायला बसले. छापायचं वगैरे डोक्यात नव्हतं. दिवसभरात दोन-तीन पानं लिहायची आणि संध्याकाळी ओटीवर तिला वाचून दाखवायची. ती वाल सोलत ऐकायची. मधे कधी बोलायची नाही. नंबर रंगवायला आलेल्या माणसाला तुमच्या कादंबरीतली म्हातारी ताकासारखं काही प्यायला देते, तिथे एकदाच म्हणाली, “आमच्या आयनंबी दिलं होतं.”

शेवटचं प्रकरण मी एका रविवारी वाचलं. पाणी अंगणापर्यंत आलेलं. माणसं होड्यांत बसलेली. तुमची म्हातारी डोक्यावर सोयाच्या मसाल्याची बरणी घेऊन घराकडे परत फिरते, आत जाते, दार लावते. मग पाणी. मला पुढचं वाचवेना. वर पाहिलं तर आईनं वालाची परात बाजूला सारली होती.

“खोटं हाय हे,” ती म्हणाली.

“कादंबरी आहे आई.”

“असू दे. बाकी सगळं खरं लिवलंय तिनं, हितंच खोटं बोलली. घर बुडतं तेव्हा बाई पहिली सामान बाहेर काढते. चुलीचा दगड काढते. उखळ काढते. मरायला टाइम कुठं असतो तिला?”

तेच मी तुम्हाला पत्रात लिहिलं. प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवलं, उत्तराची आशा न धरता. तीन महिन्यांनी तुमचं हातानं लिहिलेलं पाकीट आलं. आधी माझ्या भाषेची चिकित्सा होती. ‘तुझी कोरियन कारखान्यातली आहे. त्यात हुकूम आहेत आणि माफ्या आहेत, मधलं काही नाही. मधलं शिक.’ आणि खाली, ‘तुझ्या आईला सांग, आयुष्याला शेवट लागत नाही, कादंबरीला लागतो.’

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “शेवट पायजे म्हणून माणूस मारायचं काय? लिव तिला.”

मी लिहिलं. असं तुम्हा दोघींचं सुरू झालं. पुढे फोनवर. तुम्ही दर पंधरा दिवसांनी फोन करायचा, आधी शेतात काय आहे ते विचारायचं, मग माझ्या भाषांतरातला एखादा शब्द धरून मला तासभर झोडपायचं आणि शेवटी, “आज तुझी आई काय म्हणते?” मला ‘मधलं’ तुम्ही शिकवलंत. कुरकुर कशी करायची, थट्टा कशी करायची, एखाद्याला नको म्हणताना दार कसं उघडं ठेवायचं. पंधराव्या वर्षी तुम्ही घर सोडून शहरात केसांचे टोप शिवणाऱ्या कारखान्यात गेलात, हे तुम्ही मला असंच कुठल्या तरी शब्दावरून सांगितलं होतं. सुईचा एक प्रकार होता, त्याला मराठी शब्द शोधताना. खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर तुम्ही पहिल्या गोष्टी लिहिल्यात. “पुठ्ठ्यावर खोडता येत नाही,” म्हणालात, “म्हणून मी कमी लिहायला शिकले.”

पुस्तक कल्याणच्या एका छोट्या प्रकाशकानं काढलं. मी एक प्रत मुरबाडच्या वाचनालयात नेऊन दिली. ग्रंथपाल कव्हरवरचं नाव बघून म्हणाले, “ओक म्हणजे पुण्याकडच्या का हो?” आणि तुम्हाला मराठी लेखकांच्या कपाटात ठेवलं. तुम्हाला सांगितलं तर इतक्या हसलात की फोन खाली ठेवावा लागला. मी म्हटलं, उद्या जाऊन बदलायला सांगते. “नको, नको,” म्हणालात. “तिथे मला कुणी ओळखत नाही. राहू दे मला तिथे.”

मग तुम्ही आलात. मुंबईत कुठलासा साहित्याचा मेळावा होता, तुमच्या मागेपुढे माणसं होती. तुम्ही त्यांना सांगून टाकलंत की एक दिवस माझा आहे. मे महिना होता. आई आणि मी सकाळी धसईहून निघालो, मुरबाडला गाडी बदलली, जीपनं शहापूरला आलो. हायवेच्या बाजूला एका चहाच्या टपरीपाशी उभ्या राहिलो. मोठी गाडी थांबली आणि त्यातून कापडी टोपी घातलेल्या, माझ्या खांद्याएवढ्या एक म्हाताऱ्या बाई उतरल्या. मी वाकून नमस्कार केला, तुमच्या पद्धतीनं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंच नाहीत. सरळ आईपुढे जाऊन उभ्या राहिलात.

“हीच काय ती?” आईनं मला विचारलं. मग तुम्हालाच म्हणाली, “बारीक हायेस गो. जेवतेस का नाय?”

मी दुभाष्याचं काम केलं. तुम्ही म्हणालात, “जेवते. पण एकटी.”

धरणाचं पाणी खूप खाली गेलेलं होतं. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. तुम्ही बूट काढून हातात घेतलेत आणि आईच्या मागोमाग चालू लागलात. एका ठिकाणी थांबून आईनं लांब पाण्यात हात केला. “तो काला दगड दिसतो ना, त्याच्या खालच्या अंगाला आमचं घर.”

तुम्ही विचारलंत, “हे पाणी कोण पितं?”

“मुंबई.”

“आणि तुम्ही?”

“हितल्या गावांना उन्हाल्यात टँकर येतो,” आई म्हणाली. तुम्हाला वाटलं माझं भाषांतर चुकलं. पुन्हा विचारायला लावलंत. पुन्हा तेच उत्तर आलं.

मग तुम्ही दोघी एका खडकावर बसलात आणि मी तुमच्यासमोर चिखलावर. मला बरं वाटलं होतं. नऊ वर्षं कारखान्यात मी ज्यांच्या मधे उभी राहिले त्यांना एकमेकांविषयी काही कळून घ्यायचं नसायचं. इथे दोन बाया होत्या, ज्यांनी एकमेकींशी भांडायला वर्षं घालवली होती.

आई म्हणाली, “तिला विचार, तिची आय खरंच पाण्यात गेली काय?”

मी आढेवेढे घेतले. तुमच्या सगळ्या मुलाखतींत होतं की ‘तळाचं गाव’ तुमच्या आईची कहाणी आहे. ज्यांची आई अशी गेली त्यांना असं कसं विचारायचं? आईनं माझ्या गुडघ्याला हात लावला. “विचार गो.”

मी मला येत होतं तेवढ्या अदबीनं विचारलं.

तुम्ही पाण्याकडे बघत होतात. तुमचा आवाज अगदी रोजचा होता. “नाही. होडीत पहिली तीच बसली होती. बरणी तिनं डोक्यावर घेतली, पण ती घेऊन बाहेर आली. गाव बुडाल्यावर ती बावीस वर्षं जगली. शहराच्या कडेला, चौथ्या मजल्यावर. खाली बाजारात पालेभाजी विकायची. पुस्तक आलं तेव्हा शेजारणीनं तिला वाचून दाखवलं. तिनं मला फोन केला. म्हणाली, छान मारलंस मला. आता तुला इकडे यायची गरज नाही.”

“काय बोलली?” आईनं विचारलं.

तुम्ही माझ्याकडे वळलात. “हे तिला सांगू नकोस.”

“मग काय सांगू?”

“सांग, हो म्हणून.”

बाई, मी माझ्या आईकडे बघून म्हटलं, “हो म्हणतायत. गेली पाण्यात.”

आईनं थोडा वेळ तुमच्याकडे पाहिलं. मग सरकून जवळ आली आणि तुमच्या पाठीवर हात ठेवला. तुम्ही वाकलात. तुमची टोपी पडली. एवढ्या मोठ्या बाईला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आईचा हात पाठीवरून वर-खाली फिरत होता, म्हशीच्या पाठीवरून फिरतो तसा, सावकाश. नंतर तिनं फडक्यात बांधून आणलेली तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी काढली, तुमच्या हातात दिली. तुम्ही सगळी खाल्लीत. मी एक घाससुद्धा खाल्ला नाही.

शहापूरला तुमची गाडी निघायच्या वेळी मी तुम्हाला बाजूला घेतलं. तुमच्याच भाषेत, तुम्हीच शिकवलेल्या शब्दांत मी म्हटलं, “बाई, माझी आई साठ वर्षं कुणाशी खोटं बोलली नाही. तिच्याशी खोटं बोलायला तुम्ही माझं तोंड वापरलंत.”

तुम्ही म्हणालात, “मला तिचा हात हवा होता. खरं सांगितलं असतं तर मिळाला नसता.”

“तुम्हाला काय माहीत?”

“माझ्या आईनं नाही ठेवला,” म्हणालात आणि गाडीत बसलात.

ती आपली शेवटची भेट. परतीच्या जीपमध्ये आई खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं, तुमच्या आईच्या मरणाचं दुःख करत्येय. मला तुमचा इतका राग आला की धसईला पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं.

तुमचे फोन आले, मी घेतले नाहीत. पत्रं आली. शब्दांविषयीच्या शंकांना उत्तर द्यायचं आणि बाकी काही लिहायचं नाही, असं मी केलं. पुन्हा माझी भाषा कारखान्यातली झाली. तुम्हाला ते कळलं असणार. पण तुम्ही कधी तसं बोलला नाहीत. दर पत्राच्या शेवटी तेवढं विचारायचात, आई काय म्हणते?

आई दीड वर्षानं गेली. भात कापणीला आलं होतं. महिनाभर अंथरुणाला खिळून होती. त्या दिवसांत एका दुपारी तिनं आपणहून तुमचा विषय काढला आणि एक गोष्ट सांगितली. तीच ही गोष्ट. तेव्हाच तुम्हाला फोन करायला हवा होता. मी केला नाही. ती गेल्यावर तुम्हाला दोन शब्द पाठवले, ‘आई गेली.’ तुमचं पाच पानी पत्र आलं. मी वाचलं आणि कपाटात ठेवून दिलं. खरं सांगते बाई, मला ते वाक्य तुम्हाला द्यायचं नव्हतं. आईचा हात तुम्ही फसवून घेतलात असं माझ्या मनात घट्ट बसलं होतं. हे तिचं वाक्य तरी माझ्याकडे राहू दे, असं वाटायचं.

मग तुमचं शेवटचं पुस्तक आलं. लहानसं, शंभरेक पानांचं. ‘आई जिवंत असताना’. पार्सलवर तुमचं अक्षर थरथरलेलं होतं. मी ते दुकानात, अर्जांच्या मधे मधे वाचलं. त्यात तुम्ही सगळं सांगून टाकलंत. पहिल्या मुलाखतीत एका तरुण मुलीनं डोळे भरून विचारलं होतं, तुमच्या आई खरंच अशा गेल्या का, आणि तुमची मान नुसती हलली. त्या मान हलवण्यानंतर आईला लोकांच्या नजरेआड ठेवावं लागलं. तुम्ही बसनं चाळीस मिनिटांवर राहत होतात. आधी महिन्यातून एकदा जायचात, मग सणाला, मग नाही. तुम्ही देशभर तुमच्या मेलेल्या आईवर बोलत हिंडलात, आणि ती बाजारात पालकाच्या जुड्या बांधत होती. ती गेली तेव्हा तुम्ही कुठल्याशा बक्षीस समारंभात होतात. त्यानंतर तुम्ही दहा वर्षं काही लिहिलं नाहीत. लोक म्हणाले, मोठ्या लेखकाचं मौन.

तुमच्या देशात त्या पुस्तकावरून गदारोळ झाला. ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांनी शिव्या घातल्या. एवढं म्हातारपण आल्यावर हे कशाला, असंही लोक म्हणाले. मला ते वाचताना तुमचा अभिमान वाटला, हेसुद्धा मी तुम्हाला कळवलं नाही.

शेवटून तिसऱ्या पानावर माझी आई आहे. तुम्ही नाव दिलेलं नाही. ‘एका दूरच्या देशात, दुसऱ्या एका धरणाच्या काठी, एका बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी चोरला. माझी ही दुसरी चोरी. पहिलीची माफी मागायला आई राहिली नव्हती. दुसरीची मागायला मी गेले नाही, कारण खरं कळल्यावर तो हात तिनं परत घेतला असता, आणि मला तो अजून पाठीवर लागतो.’

एक गिऱ्हाईक झेरॉक्ससाठी कागद पुढे करून उभं होतं. मला कागद दिसत नव्हता.

त्याच दिवशी मी तुम्हाला पत्र लिहायला घेतलं. पण आईचं बोलणं तुमच्या भाषेत बसेना. ती जे बोलली ते एवढं साधं होतं आणि माझ्याकडचे शब्द सगळे अवघडलेले. मला वाटलं, एवढं एक वाक्य तरी बिनचूक जायला हवं. तुम्ही चूक काढाल अशी भीती नव्हती. आईच्या तोंडचं होतं म्हणून. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. मधे लावणी आली, मग शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची गर्दी आली. फोन उचलून कशाही मोडक्या भाषेत सांगून टाकायला दोन मिनिटं लागली असती. तुम्ही आजारी आहात हे मला माहीत नव्हतं. भाची म्हणते, तुम्ही कळवू दिलं नाहीत.

आता तुमची भाषा बोलायला मला कुणी नाही. काल भात चाळताना आकडे म्हणायला गेले आणि सोळापाशी अडले. बराच वेळ आठवत बसले, मग सोडून दिलं.

म्हणून हे मराठीत लिहिते आहे, आईच्याच भाषेत, जसंच्या तसं. भाषांतर करत नाही.

त्या दुपारी मी तिला पेज भरवत होते. दोन चमचे घेऊन तिनं तोंड फिरवलं आणि म्हणाली, “ती तुझी कोरियावाली बाई. तिला फोन करतेस का नाय?”

मी म्हटलं, नाही.

“का गो?”

मग मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. बावीस वर्षं, चौथा मजला, पालेभाजी. तुमच्या सांगण्यावरून मी तिच्याशी खोटं बोलले तेही. मला वाटलं ती रागावेल, निदान माझ्यावर तरी.

ती छताकडे बघत म्हणाली, “मना तेव्हाच कललं होतं.”

“काय कळलं होतं?”

“तिची आय पाण्यात नाय गेली ते. तू बोललीस ‘हो’, पन तुझ्या तोंडावर ‘नाय’ होतं. आनि तिचं रडनं बगितलंस ना? आय मेलेली पोर अशी रडत नाय. आयला टाकून आलेली पोर तशी रडते.”

मी विचारलं, “मग तू तिच्या पाठीवर हात का ठेवलास?”

आई माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मीच परक्या देशातून आले होते.

“अगो, म्हनून तं ठेवला.”